परसातले निखारे : पूर्व लॉस एंजेलिसच्या पंक संगीताचा न नोंदलेला पत्ता

पंक संगीताचा इतिहास वाचायला घेतला की काही पत्ते हटकून भेटतात. न्यूयॉर्कमधलं 'सीबीजीबी', लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचा 'हंड्रेड क्लब' आणि लॉस एंजेलिसमधलं 'मास्क'. हे शेवटचं म्हणजे हॉलिवूडच्या एका बोळातलं तळघर. ब्रेंडन मलेन नावाच्या स्कॉटिश तरुणाने ते १९७७ साली तालमींसाठी भाड्याने घेतलं, आणि काही महिन्यांतच तिथे शहरातल्या सुरुवातीच्या पंक मैफली झडू लागल्या. तीन-चार सूर, कर्कश गिटार, दोन मिनिटांत संपणारी गाणी आणि 'वाजवता येत नसलं तरी वाजवा' हा बाणा. नामवंत रॉक बँडांच्या स्टेडियमभर पसरलेल्या थाटाला कंटाळलेल्या पोरांनी उभं केलेलं हे संगीत. त्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी स्वाभाविकपणेच या तळघरांचा आणि क्लबांचा माग काढला.

या यादीत एक पत्ता बहुधा नसतो, आणि तो असणं अवघडही आहे, कारण त्याला ठराविक नाव-क्रमांक नाही. लॉस एंजेलिसची काँक्रीटमध्ये बांधून काढलेली नदी ओलांडून पूर्वेला गेलं की बॉइल हाइट्स आणि पूर्व लॉस एंजेलिस हे भाग लागतात. तिथल्या घरांची परसं, हाच तो पत्ता. शनिवारी रात्री परसात कोळशाची जाळी पेटलेली असायची, कोपऱ्यात बिअरचं पिंप, गॅरेजच्या तोंडाशी ड्रम मांडलेले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर ओढलेल्या वायरीवर गिटारचे अँप्लिफायर चालू. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून आजतागायत या परसांतून पंक वाजत आलं आहे. हॉलिवूडचं तळघर मात्र दीडेक वर्षात बंद पडलं होतं.

ही परसं आधी समजून घ्यायला हवीत. बॉइल हाइट्समधली बरीचशी घरं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतली आहेत. बैठी, लाकडी, पुढे ओसरी आणि अरुंद पण लांबलचक जमीन. घर पुढे, गॅरेज मागे, मधे मोकळी माती. एका काळी इथे ज्यू, जपानी, रशियन, मेक्सिकन अशी सरमिसळ वस्ती होती. १९३९ साली गृहकर्जांच्या जोखमीचे सरकारी नकाशे तयार झाले तेव्हा या सरमिसळीवरच बोट ठेवून हा भाग लाल रंगाने रंगवण्यात आला. लाल म्हणजे इथे पैसे गुंतवू नयेत. पुढे ज्यू कुटुंबं पश्चिमेकडे सरकली, जपान्यांना युद्धकाळात छावण्यांत डांबलं गेलं, आणि वस्ती मुख्यतः मेक्सिकन झाली. युद्धानंतरच्या दोन दशकांत याच वस्तीच्या डोक्यावरून आणि पोटातून एकामागून एक महामार्ग काढले गेले. हजारो माणसं उठवली गेली. जे उरले त्यांच्यापाशी सार्वजनिक अशी जागा फारशी राहिली नाही. राहिलं ते परस.

जेम्स रोहास हा याच भागात वाढलेला नगररचनाकार. १९९१ साली एमआयटीत सादर केलेल्या प्रबंधात त्याने पूर्व लॉस एंजेलिसमधल्या अंगणांचा, कुंपणांचा आणि ओसऱ्यांचा अभ्यास केला. अमेरिकी उपनगरात अंगण म्हणजे नुसतं बघायचं हिरवळीचं तुकडं. इथे तेच माणसांनी भरलेली, वापरात असलेली जागा होते, हे त्याने दाखवून दिलं. आपल्याकडच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. वाड्याचा चौक आणि चाळीची गच्ची कशाकशासाठी वापरली जाते हे आपण पाहिलेलं आहे.

या परसांतला मुख्य सोहळा म्हणजे 'कार्ने असादा'. शब्दशः अर्थ भाजलेलं मांस. पण लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन घरांत हा शब्द पदार्थापेक्षा समारंभाला अधिक लागू होतो. 'रविवारी आमच्याकडे कार्ने असादा आहे' असं म्हटलं की सगळं आलं. गोमांसाचे पातळ काप लिंबू, लसूण, मीठ आणि बऱ्याचदा थोडी बिअर यांत मुरवायचे, निखाऱ्यांवरच्या जाळीवर भराभर भाजायचे आणि बारीक चिरून मक्याच्या गरम तोर्तियात घालायचे. शेजारी पातीचे कांदे करपेपर्यंत भाजलेले, साल्सा आणि घेवड्याची उसळ. जाळीपाशी पुरुष, आत स्वयंपाकघरात बायका, असा श्रमविभाग बहुतेक ठिकाणी ठरलेला. पुढच्या गोष्टीत तो आठवणीत ठेवण्याजोगा आहे. 'बार्बेक्यू' या इंग्रजी शब्दाचं मूळही याच जगात सापडतं. कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा लाकडी माचणीसाठीचा 'बार्बाकोआ' हा शब्द सोळाव्या शतकात स्पॅनिश लेखनात आला आणि तिथून इंग्रजीत. अमेरिकी मध्यमवर्गाने आपल्या हिरवळीवर मांडलेली शेगडी ही त्या शब्दाची बरीच अलीकडची सोयरीक.

जिथे जाळी तिथे वादक, हेही ठरलेलं. बारसं असो, लग्न असो, मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाचा सोहळा असो, परसात कुणीतरी वाजवायचंच. ज्यांना पुढे 'ला बांबा'मुळे १९८७ साली जगभर नाव मिळालं ते 'लोस लोबोस' १९७३ पासून कित्येक वर्षं पूर्व लॉस एंजेलिसची लग्नं, परसांतले समारंभ आणि उपाहारगृहं यांतूनच वाजवत होते, तेही जुनी मेक्सिकन लोकगीतं, पारंपरिक तंतुवाद्यांवर. म्हणजे १९७८-७९ च्या सुमाराला गल्लीतल्या पोरांनी परसात ड्रम मांडले, तेव्हा त्यांनी काही नवी जागा शोधून काढली नव्हती. आईवडिलांच्या समारंभाच्या मांडवात त्यांनी फक्त आवाज बदलला.

हा मांडव निर्वेधही नव्हता, आणि इथे थोडं मागे जावं लागेल. ऑगस्ट १९४२. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेकडच्या एका वाडीवर मेक्सिकन कुटुंबाच्या घरी वाढदिवसाचा समारंभ झाला. त्या रात्री होसे दियाझ नावाचा तरुण जवळच जबर जखमी अवस्थेत सापडला आणि नंतर दगावला. जवळच्या तळ्यावरून हा खटला 'स्लीपी लगून' नावाने ओळखला जातो. पोलिसांनी शेकडो मेक्सिकन पोरांना उचललं, बावीस जणांवर खटला भरला, सतरा जणांना शिक्षा ठोठावल्या. १९४४ साली अपील न्यायालयाने त्या सगळ्या रद्द केल्या, कारण पुरावा असा नव्हताच आणि खटला चालवण्याची रीतही लाजिरवाणी होती. पण वर्तमानपत्रांनी तोवर एक समीकरण रुजवलं होतं. मेक्सिकन घर, रात्र, संगीत, पोरांचा घोळका, म्हणजे गुन्हा. पुढच्याच वर्षी, १९४३ मध्ये, नौसैनिकांनी रस्तोरस्ती ऐसपैस 'झूट सूट' घालणाऱ्या पोरांना गाठून बडवलं आणि त्यांचे कपडे फाडले, तेव्हा पोलिसांनी अटक केली ती बहुतांशी मार खाणाऱ्यांना.

दुसरी तारीख २९ ऑगस्ट १९७०. व्हिएतनाम युद्धात मरणाऱ्यांत मेक्सिकन-अमेरिकन पोरांचं प्रमाण फार मोठं आहे, या रागातून वीस-तीस हजार माणसांचा मोर्चा पूर्व लॉस एंजेलिसमधून निघाला. स्वतःला अभिमानाने 'चिकानो' म्हणवून घेणाऱ्या पिढीचं हे सर्वांत मोठं प्रदर्शन. मोर्चा लगूना पार्कमध्ये विसावला. लोक मुलाबाळांसह गवतावर बसले होते, डबे उघडले होते, व्यासपीठावर गाणी आणि भाषणं चालू होती. जवळच्या एका दारूच्या दुकानात काही बाटल्या उचलल्याच्या किरकोळ तक्रारीचं निमित्त झालं आणि शेरीफच्या शिपायांनी अश्रुधूर सोडत बाग रिकामी केली. त्या दिवशीच्या मृतांत 'लॉस एंजेलिस टाइम्स'चे स्तंभलेखक रूबेन सालासार होते. व्हिटियर बुलेव्हार्डवरच्या एका बारमध्ये बसलेले असताना शिपायाने आत झाडलेलं अश्रुधुराचं नळकांडं त्यांच्या डोक्याला लागलं. कुणावरही खटला झाला नाही. त्या बागेला आज सालासारांचं नाव आहे. त्याच व्हिटियर बुलेव्हार्डवर शनिवारी रात्री सजवलेल्या मोटारी संथपणे फिरवण्याची तरुणांची जुनी रीत होती. १९७९ साली शेरीफने तीही नाकेबंदी करून मोडली.

बाग गेली, रस्ताही गेला. परसातलं पंक याच वर्षांत सुरू होतं, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. सिद्ध करता येईल असं हे विधान नव्हे, हे कबूल करतो. पण ज्या पिढीच्या लहानपणी त्या बागेत अश्रुधूर सुटला होता, तीच पिढी आठ-नऊ वर्षांनी गिटार हाती घेत होती, एवढं तर हिशेबाने निघतं.

'दि अंडरटेकर्स', 'दि स्टेन्स', 'दि ब्रॅट', 'लोस इलीगल्स' ही त्या पिढीतली काही नावं. 'दि ब्रॅट'ची गायिका तेरेसा कोव्हारूबियास बॉइल हाइट्सची. तिची मोठी बहीण युरोपात फिरत होती आणि तिथून पंकची हस्तलिखितवजा पत्रकं टपालाने पाठवत होती. त्यातून तेरेसाला या नव्या संगीताचा पत्ता लागला. दहा मैलांवरच्या हॉलिवूडमधून नव्हे. 'लोस इलीगल्स'चा विली हेरोन मूळचा भित्तिचित्रकार. तो 'आस्को' या कलाकारगटातला. लॉस एंजेलिसच्या कलासंग्रहालयात चिकानोंची चित्रं का नाहीत असं विचारल्यावर 'चिकानो कला कुठे करतात, ते टोळ्या करतात' अशा अर्थाचं उत्तर मिळालं, म्हणून १९७२ साली या गटातल्या तिघांनी रात्री जाऊन संग्रहालयाच्या दारावर रंगाच्या फवाऱ्याने आपली नावं लिहिली, आणि संग्रहालयातली पहिली चिकानो कलाकृती म्हणून त्याचं छायाचित्र काढून ठेवलं. पंक अजून जन्माला यायचं होतं तेव्हाची ही गोष्ट.

परसातला कार्यक्रम कसा जुळून यायचा? कुणाचे तरी आईवडील गावाला गेलेले असायचे, किंवा न जाता नाइलाजाने राजी झालेले. प्रती काढलेली पत्रकं शाळेत वाटली जायची. फाटकाशी एक-दोन डॉलर घ्यायचे. त्यातून बिअर आणि उरलंच तर बँडला पेट्रोलचे पैसे. मंच नाही, त्यामुळे वादक आणि ऐकणारे एकाच मातीवर. नाच सुरू झाला की धूळ एवढी उडायची की मागच्यांना गायक दिसेनासा व्हायचा. आपल्याकडच्या हुरडा पार्टीत शेकोटीभोवती गाणी रंगतात, तिथे हात भाजत कणसं खाणं आणि गाणं यांत सीमारेषा नसते, तसंच काहीसं. फरक इतकाच की इथे डोक्यावर पोलिसांचं हेलिकॉप्टर घिरट्या घालू लागायचं, प्रकाशझोत परसात पडायचा आणि ध्वनिक्षेपकावरून घरी जाण्याचा हुकूम सुटायचा. पाच बँड ठरले असतील तर तिसऱ्यापर्यंत पोचणं हेच नशीब. या घाईचा त्या संगीताच्या वेगाशी संबंध असेल का? असावा, असं म्हणण्याचा मोह होतो, पण हॉलिवूडमध्ये हेलिकॉप्टर नव्हतं आणि तिथलेही बँड तितकेच घाईत होते.

या सगळ्याला छप्पर मिळालं ते मार्च १९८० मध्ये, आणि ते दिलं एका जोगिणीने. सिस्टर कॅरेन बोकालेरो ही फ्रान्सिस्कन पंथाची संन्यासिनी आणि मुद्राचित्रकार. प्रसिद्ध चित्रकार कोरिटा केंट हिची ती शिष्या. बोकालेरोने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला 'सेल्फ हेल्प ग्राफिक्स' ही छापखाना-कार्यशाळा काही मेक्सिकन चित्रकारांसह एका गॅरेजमध्ये सुरू केली होती. इथेही आधी गॅरेजच. या संस्थेच्या सभागृहात विली हेरोन आणि मित्रांनी 'व्हेक्स' नावाने पंक मैफली सुरू केल्या. पश्चिमेकडचे बँड आणि श्रोते नदी ओलांडून इकडे आले. वर्षाच्या आतच एका कार्यक्रमात बाहेरून आलेल्या जमावाने मोडतोड केली, चित्रांचंही नुकसान झालं आणि व्हेक्सला दुसरी जागा शोधावी लागली. पुढे काही वर्षं ते या ना त्या सभागृहात चाललं.

इतिहासकारांना व्हेक्स आवडतं. त्याला नाव आहे, तारीख आहे, भित्तिपत्रकं आहेत, जोगीण आहे. त्यामुळे पूर्व लॉस एंजेलिसच्या पंकची रूढ कथा अशी तयार झाली की हॉलिवूडने या पोरांना दारं बंद केली, म्हणून त्यांनी आपलं व्हेक्स उभारलं. या कथेवर दोन बाजूंनी आक्षेप आले आहेत आणि दोन्ही मला महत्त्वाचे वाटतात.

पहिला अलिस बॅगच्या बाजूने. मूळची अलिसिया आर्मेंदारिस. पूर्व लॉस एंजेलिसच्या सुताराची मुलगी. तिचा 'दि बॅग्ज' हा हॉलिवूडच्या पहिल्या पंक बँडांपैकी एक. पेनेलोपी स्फिरिसच्या 'द डिक्लाइन ऑफ वेस्टर्न सिव्हिलायझेशन' या १९८१ च्या गाजलेल्या माहितीपटात ती दिसते. तिच्या २०११ सालच्या 'व्हायोलन्स गर्ल' या आत्मचरित्रातलं सुरुवातीचं हॉलिवूड बंद दारांचं नाही; तिथे स्त्रिया, समलिंगी, मेक्सिकन, गोरे सगळे एकत्र नांदतात. वडिलांची आईला होणारी मारहाण आणि घरात वाजणारी मेक्सिकन 'रांचेरा' गाणी, दोन्ही तिच्या गाण्यात उतरली. रांचेरात गायक रडतो, ओरडतो, काही राखून ठेवत नाही. तेच आपण मंचावर केलं, असं तिचं म्हणणं. म्हणजे परस तिने हॉलिवूडला नेलं. तिच्यासारखे आणखीही होते. 'दि प्लग्ज'च्या तितो लारिव्हाने 'दि ब्रॅट'ची 'अॅटिट्यूड्स' ही तबकडी १९८० साली आपल्या 'फातिमा' कंपनीतर्फे काढली. त्याच वर्षी 'लोस लोबोस' लोकवाद्यं घेऊन 'पब्लिक इमेज लिमिटेड'च्या आधी ऑलिम्पिक ऑडिटोरियममध्ये उभे राहिले आणि पंक श्रोत्यांनी त्यांच्यावर हाताला लागेल ते फेकलं. तेव्हा दार उघडं होतं की बंद, याचं एका शब्दात उत्तर नाही. कॉलिन गंकेल या अभ्यासकाने ईस्टसाइड विरुद्ध हॉलिवूड ही सरळ विभागणीच तपासून पाहायला हवी असं दाखवलं आहे, ते मला पटतं.

दुसरा आक्षेप परसांच्या बाजूचा. त्याच वस्तीत वाढलेला वादक-लेखक जिमी अल्वाराडो याने 'रेझरकेक' या लॉस एंजेलिसच्या पंक नियतकालिकातून या बँडांच्या कहाण्या वर्षानुवर्षं गोळा केल्या. व्हेक्स हा एक थांबा होता. त्याच्या आधी परसं होती, नंतरही राहिली, हे त्यातून लख्ख दिसतं. मग पुस्तकांत ती का दिसत नाहीत? कारण साधं आहे. परसाला तिकीट नव्हतं, परवाना नव्हता, वर्तमानपत्राचा समीक्षक फिरकत नव्हता आणि तबकडी काढायला पैसा नव्हता. 'दि अंडरटेकर्स'नी १९८१ साली संपूर्ण अल्बम ध्वनिमुद्रित केला. तो अनेक वर्षं पडून राहिला. 'दि स्टेन्स'चा अल्बम 'एसएसटी'ने १९८३ साली काढला तोवर तो शिळा झाला होता. कालक्रम तबकड्यांवरून लावला तर हे बँड उशिरा आलेले, दुसऱ्यांचं पाहून शिकलेले वाटतात. आंबेडकरी जलशांचं आपल्याकडे हेच झालं. वाड्यावस्त्यांवर, उघड्यावर रात्र-रात्र चाललेल्या त्या गाण्यांचा इतिहास कागदावरून लिहू पाहणाऱ्याच्या हाती फार थोडं लागतं.

तरी परसाचं सोवळं मांडायला नको. मारामाऱ्या व्हायच्या, टोळ्यांची भांडणं फाटकातून आत यायची, झोपमोड झालेल्या शेजाऱ्यांचा राग खोटा नव्हता. मुलींना तर परसात यायलाच घरची परवानगी लागायची, आणि आल्यावरही जाळीपाशी पुरुष, आत बायका हा जुना नकाशा पंकने लगेच पुसला असं नाही. ज्या मुली गायला उभ्या राहिल्या त्या दोन्हीकडच्या रीती मोडून. म्हणूनच २००८ साली क्लेरमाँटच्या कलासंग्रहालयाने पूर्व लॉस एंजेलिसच्या पंकवर प्रदर्शन भरवलं तेव्हा ते स्त्रियांच्या आवाजांभोवती उभारलं, हे मला योग्य वाटतं.

व्हेक्स संपल्यावर परसं पुन्हा मुख्य झाली. १९९० च्या दशकात बॉइल हाइट्सचा 'युनियन थर्टीन' हा दोन भाषांत गाणारा बँड अशाच वातावरणातून वर आला आणि 'एपिटाफ' या मोठ्या पंक कंपनीपर्यंत पोचला. २०१६ साली अँजेला बोटराइट या छायाचित्रकर्तीने 'लोस पंक्स' हा माहितीपट काढला, तेव्हा पूर्व आणि दक्षिण-मध्य लॉस एंजेलिसच्या परसांत तिसरी पिढी नाचत होती. पत्रकाची जागा फोनवरच्या संदेशाने घेतली होती. धूळ तीच आणि वरचं हेलिकॉप्टरही तेच.

आता संकट आलं आहे ते पोलिसांचं नव्हे. लॉस एंजेलिसमध्ये राहायला घरं पुरत नाहीत, भाडी परवडत नाहीत. २०१७ पासून कॅलिफोर्निया राज्याने परसात दुसरं छोटं घर बांधण्याचे किंवा गॅरेजचं राहतं घर करण्याचे नियम एकामागून एक सैल केले. यात गैर काही नाही. परसातल्या त्या खोलीत बऱ्याचदा त्याच घरातला लग्न झालेला मुलगा राहतो, किंवा तिच्या भाड्यावर घराचा हप्ता फिटतो. पण ड्रम मांडले जायचे ते गॅरेज आता कुणाची तरी झोपायची खोली आहे, आणि मधली मोकळी माती खिडकी आणि कुंपण यांच्यामधल्या चार फुटांवर आली आहे. तिथे अजून एक छोटी जाळी मावते.